इन्क्युबेटरची पूजा

शेळीचा भ्रूण हा अतिशय हेकट प्राणी आहे. काचेच्या बशीत एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी गुमान होतात आणि मग स्वारी रुसून बसते. आईच्या पोटात तिच्या अंगचा रस त्याला पुढचा निरोप देत असतो; बशीत कोण देणार? तो निरोप पेप्टाइडने, म्हणजे प्रथिनाच्या एका चिमुकल्या तुकड्याने, बाहेरून देता येतो का, एवढंच मला पाहायचं होतं. त्यासाठी बालाघाटच्या आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत मी वर्षभर डोळे फोडून घेतले.

सकाळी मटण मार्केटात जाऊन शेळीचे अंडाशय मागायचे. खाटीक गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "लो, डॉक्टरनी आ गईं," आणि सगळे हसायचे. थर्मासमधून ते आणेपर्यंत कधी बीजं कच्ची निघायची, कधी वीज जायची, कधी इन्क्युबेटरला लागणाऱ्या गॅसचं सिलिंडर गोंदियालाच अडकायचं. एकही प्रयोग शेवटापर्यंत गेला नाही. दसरा तोंडावर आला तेव्हा पेप्टाइडची शेवटची कुपी उरली होती, आणि माझी नोकरी दिवाळीपर्यंतच होती.

ती कुपी मी उघडली. एका बशीतल्या भ्रूणांना पेप्टाइड घातलं, दुसरी बशी तशीच ठेवली, दोन्ही इन्क्युबेटरमध्ये सरकवल्या. दसऱ्याच्या सकाळी पाहिलं तर दोन्हीकडे आठ-आठ पेशी, अगदी देखण्या. आता पेप्टाइडवाले पुढे सरकतात का, तेवढंच बघायचं उरलं होतं. खुशीत लांजीला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं आणि चंदनाचा वास आला. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, फ्रिजला हळदीकुंकू, इन्क्युबेटरच्या दाराला स्वस्तिक. आतल्या कप्प्यात चिमूटभर राख. भ्रूण ज्या थेंबात वाढतात त्यावर तेलाचा थर असतो; धूर त्यातूनसुद्धा खाली उतरतो आणि भ्रूणाला तो विषच. दोन्ही बशांतले सगळे काळे पडून फुटले होते. पेप्टाइडवालेही आणि बिनपेप्टाइडवालेही, त्यामुळे कळायचं काहीच राहिलं नाही. मी डोक्याला हात लावून बसले.

साफसफाईच्या मावशी किरनापूरहून आल्या. सुट्टीच्या दिवशी, तिकीट काढून, खास पूजेसाठी त्या आदल्या दिवशी दुपारी येऊन, आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून गेल्या होत्या.

"धूप आत कोणं नेला, मावशी?"

"म्या नेला. देवाचं दार बंद ठेवून ओवाळते का कोणी?"

"कोणाले विचारून?"

"तुमालेच त विचारलं होतं परवा. तुमी मान हालवली."

हलवली होती. बीजं उचलायची बारीक नळी तोंडात धरलेली, डोळा भिंगाला लागलेला. मावशी काय विचारताहेत ते ऐकलंही नव्हतं. मान हलवली की माणूस गप्प बसतं, एवढंच मला ठाऊक. चूक माझीच होती, आणि त्यामुळेच मी आणखी चिडले. प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "कोई बात नहीं, फिर से कर लीजिए." कशातून करू? मी फोन आपटला, झेंडूची माळ ओढून काढली आणि पुसायचं फडकं मावशींच्या अंगावर फेकल्यासारखं दिलं.

मावशी कुंकू पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या पेटीत होतं काय?"

"शेळीची पिल्लं. व्हायच्या आधीची."

त्यांचा हात थांबला. "वर्षभर म्या हे पेटी पुसून राह्यली. आत जीव हाये म्हणून मले कोणं सांगतलं नाही."

खरंच नव्हतं सांगितलं. साहेबांना सांगितलं होतं, लांजीला आईला सांगितलं होतं, त्या चेष्टेखोर खाटकालासुद्धा एकदा समजावलं होतं. रोज माझ्या खुर्चीखालून झाडू फिरवणाऱ्या बाईला सांगायचं सुचलं नाही. मला लाज वाटली. उठून सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला, बशी भिंगाखाली ठेवली आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"या मावशी, बघा."

त्या बसल्या नाहीत. फडक्याची घडी करत माझ्याकडे पाहत राहिल्या.

"आता दाखवून राह्यले का, म्याडम? मेल्यावर?"