पाच घरांची शेवभाजी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याला नाही. दुसऱ्यांच्या चुका छापण्यात माझं आयुष्य गेलं. कोणी काय केलं, कुठे, कोणासमोर — हे चार ओळींत बसवायला मी शिकलो, पुढे इतरांनाही शिकवलं. ही गोष्टसुद्धा चार ओळींत बसते. तरी ती लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही खरं कारण नाही?

क्रमाने सांगतो. क्रम लावला की लिहिता येतं.

नव्वद सालच्या आगेमागे मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. त्याआधी पुण्यात मुद्रितशोधक असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षं जपानी शिकलो होतो. जळगावात त्या भाषेचा उपयोग एकच झाला — रविवारच्या पुरवणीत जपानवर अर्धा रकाना. तिथली माणसं कशी राहतात, काय खातात, साहेब उठेपर्यंत कचेरीतून का उठत नाहीत. लोक वाचायचे. फैजपूरच्या केळीवाल्यांपासून एसटीच्या कंडक्टरांपर्यंत सगळे मला ‘जपानवाले’ म्हणत. माझी चूक काढू शकेल असं जिल्ह्यात कोणी नव्हतं, आणि हे मला आवडत होतं.

मग धुळ्याहून एक पोस्टकार्ड आलं. बाहुल्यांचा सण तुम्ही लिहिलात तसा मे महिन्यात नसतो, मार्चमध्ये असतो. मेमधला सण मुलग्यांचा. खाली दोन ओळी जपानीत, माझ्यापेक्षा वळणदार अक्षरात. सही बाईची होती.

तिचं नाव इथे शालिनी लिहितो. खरं वेगळं आहे. नाव बदलायची सवय धंद्यातली. ती निदान या वेळी तिच्या कामी यावी.

शालिनी पुण्यात वाढलेली. कॉलेजात असताना जपानी शिकलेली. लग्न होऊन धुळ्याला आली आणि दीड वर्षात नवरा काविळीने गेला. मूल नाही. घरात सासरे — त्यांना सगळे आबा म्हणत, प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक — आणि इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा थोरला दीर, म्हणजे तिचे जेठ. पुण्याजवळच्या एका कारखान्यात जपानी यंत्रं आली होती आणि त्यांना दुभाषी हवी होती. मुलाखत डिसेंबरात. तिथला जपानी साहेब व्याकरण विचारणार नव्हता. तासभर नुसत्या गप्पा मारणार होता, जपानी समाजाबद्दल, चालीरीतींबद्दल. उमेदवाराला किती उमजतं ते त्याला बघायचं होतं. शालिनीचं पुस्तकी ज्ञान पक्कं होतं. बोलायला माणूस नव्हतं.

आबांनी परवानगी दिली होती. पुण्यात तिच्या भावाने आपल्या घराजवळ खोली बघून ठेवली होती. राहिला होता फक्त सराव.

तो सराव आम्ही कसा केला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. धुळ्याचे आमचे वार्ताहर वाणीनाना हे तिचे शेजारी; त्यांच्याकडूनच मला हे सगळं कळलं आणि सराव मी करून घेतो म्हणालो. नाना रोज दुपारी बातम्यांचं पाकीट धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देत. संध्याकाळी मी ते इथल्या स्टँडवरून घेत असे. परतीच्या पाकिटात कोरे कागद जात. या पाकिटातून आमची कॅसेट जाऊ-येऊ लागली. मी एक प्रश्न जपानीत बोलून भरायचा — म्हातारे आईबाप कोणाजवळ राहतात? नोकरी सुटलेला माणूस शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवतो? — आणि तिने त्याच कॅसेटवर, माझ्या बोलण्यावरूनच, आपलं उत्तर भरायचं. मग तिच्यावरून माझं. कॅसेट एकच होती. म्हणजे टेपवर कधीही एकच आवाज असे, शेवटी बोललेल्याचा.

आम्ही कधी भेटलो नाही. मी तिचा चेहरा पाहिला नव्हता. वाणीनाना मात्र चिठ्ठीत चिमटा काढायचे : “साहेब, आज बातमीत काही दम नाही. टेपच छापा.”

ती माझ्यापेक्षा चांगलं बोलायची. हे नोंदवून ठेवतो. सासू-सुनांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, तिथे अख्खं घर एकाच गरम पाण्यात क्रमाने आंघोळ करतं आणि सुनेचा नंबर शेवटचा. आणि पुढे — आमच्याकडे नंबर शेवटचाच असतो, पाणी तेवढं ताजं मिळतं. मी कचेरीत कानाला हेडफोन लावून एकटाच हसलो होतो. ती जपानबद्दल बोलता बोलता धुळ्याबद्दल बोलायची, हे मला कळत होतं. तेवढंच. त्यापलीकडे त्या कॅसेटवर कधीही काही नव्हतं. माझ्या बाजूनेही नाही. मग मी ते बायकोपासून का लपवलं? बातमीच्या पाकिटातून खाजगी वस्तू पाठवायची नाही, असा कचेरीचा नियम होता; तो नानांनी तिलाही सांगितला होता. यावलच्या वार्ताहराने मामेभावाच्या लग्नाच्या पत्रिका पाकिटातून पाठवल्या, तर संपादकांनी त्याचं काम काढून घेतलं होतं. आणि वृत्तसंपादकाची जागा रिकामी होणार होती. पण बायकोचा या नियमाशी काय संबंध? — काहीच नाही. एकदा लपवलं, की सांगायचा दिवस रोज एकेक मागे पडतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत दोन पाहुणे होते. एक धोतर-टोपीतले वृद्ध, दुसरा चाळिशीचा जाड मनगटांचा माणूस. त्याच्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता. त्यांनी धुळे म्हणेपर्यंत मला समजलं होतं.

“सूनबाईच म्हणाली,” आबा म्हणाले, “जळगावला जपानवर लिहितात, त्यांना ऐकवा, ते सांगतील. म्हणून आलो साहेब. मला शंका नाही. याला आहे.”

“शंका नही ते काय?” जेठ अहिराणीत म्हणाला. “मना भाऊले जाईसन दोन वरीस नही व्हयनात. हाई दार लाई लेस, टेपसंगे बोलस, हासस. बठ्ठी टेप ऐका साहेब. कोणासंगे बोलस, तेवढं सांगा.”

“आमचे जपानवाले आहेत ना,” संपादक म्हणाले. “रविवारी साऱ्या खान्देशाला जपान दाखवतात. मिनिटात उलगडा करतील.”

जेठाने बटण दाबलं.

अकरा मिनिटांची टेप होती. मी अख्खी ऐकली. माझ्या मागच्या आठवड्याच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. प्रश्न होता — नव्या घरी राहायला गेलेला जपानी माणूस पहिल्या दिवशी काय करतो? माझा आवाज त्यावर नव्हता. तिने तो नेहमीप्रमाणे पुसला होता. शेवटच्या मिनिटाला ती हसली. मोकळं, दारं बंद केलेल्या खोलीतलं हसू. केबिनमध्ये ते फार मोठं वाटलं.

“हाऊ सेन्सेई, सेन्सेई कोण शे?” जेठाने विचारलं.

“शिक्षकाला म्हणतात,” मी म्हणालो.

आबांचा चेहरा जरा सैल झाला. “म्हणजे मलाही तेच म्हटलं असतं.”

“कोणता शिक्षक? आनि हासनी ते काय?”

आबा माझ्याकडे वळले. “एक वाक्य सांगा साहेब. ती हसली तिथलं. तेवढंच पुरे, मग हा बोलणार नाही.”

इथे थांबतो. या जागेवर मी इतकी वर्षं थांबलेलोच आहे.

सांगायचं एकच वाक्य होतं. ते सांगितलं असतं तर आबा हसले असते. पण पुढचा प्रश्न आला असता — शिक्षक कोण? आणि संपादक समोर बसले होते. खोटं बोलायला मी घाबरलो, कारण खोटं पकडलं जातं. खरं बोलायलाही घाबरलो. म्हणून मी जे केलं ते दोन्हींतलं नव्हतं. कॅसेटकडे पाहत, हलक्या आवाजात, मी म्हणालो —

“हे खाजगी आहे. मी सांगणं बरं नाही.”

बस्स. एवढीच बातमी.

त्याचा अर्थ असा लागेल हे मला कळलं नाही, असं म्हणू? शब्द तोलण्याचा मला पगार मिळत होता. बाई विहिरीत सापडली आणि पोलीस काही बोलेनात, की आम्ही ‘खाजगी कारणावरून’ असं छापायचो. अख्खं गाव त्या दोन शब्दांवरून समजून जायचं. तो शब्द काय काम करतो, हे त्या केबिनमध्ये माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

 जेठाला बोलायची गरज उरली नव्हती. आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला. उठताना माझ्याकडे बघून नमस्कार केला — मी सभ्यपणा दाखवला म्हणून. जेठाने कॅसेट काढून टेबलावर ठेवली. “तुमलेच ऱ्हाऊ द्या. आमले काय समजस?”

ते गेल्यावर संपादक म्हणाले, “बरं केलंत. दुसऱ्याच्या घरातलं आपल्या तोंडून कशाला?”

पुढचं वाणीनानांनी सांगितलं. पाकिटातून नाही, स्वतः जळगावला येऊन. शालिनीला तीन दिवस विचारलं. ती एवढंच म्हणत राहिली, की टेपवर काय आहे ते जळगावच्या जपानवाल्यांनी सांगितलं ना? आणि घरचे म्हणत राहिले, हो, सांगितलं. कॅसेट कोण नेत होतं आणि कोणासाठी, हे तिने सांगितलं नाही. नानांचं नाव घेतलं नाही. माझं नाव घेतलं नाही. पुण्याच्या भावाला जेठाने पत्र घातलं. भावाने खोली सोडून दिली. मुलाखतीच्या दिवशी ती धुळ्यातच होती. उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं, जामनेर तालुक्यात, दोन मुलांच्या बापाशी. आबा त्या लग्नाला गेले नाहीत. पुढच्या वर्षी ते वारले, हे मला मागाहून कळलं.

लग्नापर्यंतचं हे सगळं नाना उभ्यानेच बोलले. मी बसा म्हणालो तर म्हणाले, “नको, गाडी आहे.” गाडीला अजून तास होता. त्यानंतर त्यांनी मला साहेब म्हटलं नाही. बातम्या मात्र वेळेवर पाठवत राहिले.

वृत्तसंपादकाची जागा मला मिळाली. मालकांपुढे माझी शिफारस करताना संपादकांनी हाच प्रसंग सांगितला : पोटात ठेवणारा माणूस आहे.

आणखी एक सांगायचं आहे. सहा-सात वर्षांनी जामनेर तालुक्यातल्या पहूरला गेलो होतो, पाणीपुरवठ्याच्या बातमीसाठी. ग्रामपंचायतीच्या एका सदस्याच्या ओट्यावर बसून पंधरा मिनिटं प्रश्न विचारत होतो. गृहस्थ सरळ होते, मोजकं बोलत होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला होता — केव्हा थांबला, हे मला नंतर आठवलं. मग पडद्यामागून बाईने नवऱ्याला विचारलं, “पाहुण्यांना साखर चालते का, विचारा.”

मी अकरा मिनिटांची ती टेप किती वेळा ऐकली होती, ते सांगत नाही. मला तो आवाज पाच शब्दांत कळला. तिने माझा पंधरा मिनिटं ऐकला होता.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोललो नाही. मान हलवली. चहा त्यांनीच आणून दिला. मी तो संपवला, वही मिटवली आणि उरलेले प्रश्न न विचारता निघालो. एक शब्द बोललो असतो तर काय झालं असतं? काहीही नाही. तिला आधीच कळलं होतं. तरी मी बोललो नाही. म्हणजे त्या केबिनमध्ये मी घाबरून तसा वागलो, हेही पूर्ण खरं नाही. मी तसाच आहे.

कॅसेट माझ्याकडे आहे. वाजवायला यंत्र उरलेलं नाही, पण त्याची गरज पडत नाही. आबांनी एक वाक्य मागितलं होतं. ती हसली तिथलं. भाषांतर अचूक आहे; मी ते खूपदा तपासलं आहे.

“सेन्सेई, नव्या घरी गेलेली जपानी माणसं शेजाऱ्यांना शेवया नेऊन देतात. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंचं एकेक, म्हणजे पाच. मला पुण्यात शेवया कुठल्या जमणार? मी आपली धुळ्याची शेवभाजी नेईन. पहिल्याच घराला असा ठसका लागेल, की उरलेली चार घरं दारच उघडणार नाहीत.” इथे ती हसते. हसू थांबल्यावर म्हणते, “पण उरेल ती वाया जाणार नाही. पहिल्या महिन्यात आबा घर बघायला येणार आहेत. त्यांना चालते.”