दुसऱ्या सीटचं वजन

आमच्या मामाचं विमान शेपटीकडून आलं. म्हणजे उडत नाही, ट्रकमधून आलं, दोन लांबलचक लाकडी खोक्यांत. मामा सुतार असल्यामुळे ट्रकवाल्याला वाटलं, आत कपाट असणार.

"शेपूट आहे," मामा म्हणाला.

"कसलं?"

"विमानाचं."

ट्रकवाल्याने सही घेतली आणि आणखी काही न विचारता निघून गेला. शहाणा माणूस.

घरी जोडायचं विमान एकदम येत नाही. आधी शेपूट येतं, ते जमलं तर पंख, मग धड आणि शेवटी इंजिन. ज्याचा धीर सुटायचा त्याचा शेपटीतच सुटावा, अशीच ती सोय असावी. मामाचा सुटेल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मामीला तर तशी आशाच होती.

मामाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना दारं, खिडक्या आणि जिने बसवले. त्याच्या हातच्या दाराला कधी घासपूस करावी लागली नाही, हे मी भाची म्हणून सांगत नाही, गावात कुणालाही विचारा. फक्त त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला मूठ नाही. ती "उद्या" बसणार आहे. मामी ते कपाट सुरीचं टोक घालून उघडते, आणि उघडताना दर वेळी काहीतरी बोलते. पेन्सिल मात्र मामाच्या कानावर कायम. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. फोटोग्राफरने काढायला सांगितली तेव्हा म्हणाला होता, "काढली की हरवते."

हे विमानाचं खूळ शिरलं एका हँगरच्या दारापायी. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर हँगरचं, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडचं, दार दुरुस्त करायला तो गेला होता. काम आवडलं म्हणून तिथल्या एका वैमानिकाने त्याला वर फिरवून आणलं. मामा खाली उतरला तो निराळाच होऊन. "आपलं छप्पर दिसलं," जो भेटेल त्याला सांगत होता. "हिचं हॉस्पिटल दिसलं. एवढंसं, काडेपेटीएवढं." मामीने त्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून नोकरी काढली होती. तिथे राबून राबून तिचे पाय दुखायचे, आणि ते हॉस्पिटल वरून केवढंसं दिसतं हे तिला दाखवायचंच, असं मामाने ठरवून टाकलं. म्हणून त्याने एका सीटचं सोपं विमान सोडून दोन सीटचं मागवलं.

"मी त्यात बसणार नाही," मामी म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. मूठ बसली नाही कपाटाची, आणि निघालेत विमान बसवायला!"

घरामागच्या शेडच्या भिंतीवर मामाने वजनांचा एक तक्ता लावला होता, कारण विमानात कुठे किती वजन पडणार हे आधी धरावं लागतं. त्यात त्याचं स्वतःचं वजन लिहिलेलं होतं. 'दुसरी सीट'च्या पुढे जागा कोरी. मामीला वजन विचारायची त्याची छाती झाली नव्हती. विचारलं असतं तरी उत्तर तयारच होतं: बसायचंच नाही तर वजन हवं कशाला?

खोकी उघडली त्या दिवशी मामा लहान मुलासारखा आत हात घालायला निघाला. मामी दारातून बघत होती. तिला ते बघवेना.

"अहो, थांबा! मोजल्याशिवाय हात लावायचा नाही."

तिने ओट्यावर स्वच्छ चादर अंथरली. एकेक भाग काढायचा, कंपनीच्या यादीशी ताडायचा, मोठ्याने म्हणायचा, मगच पुढचा. पत्रे जोडायच्या रिव्हेटची एक पिशवी कमी भरली. मामा म्हणाला, राहू दे, मागाहून कळवू. मामी म्हणाली, राहू देणार नाही. चुरगळलेल्या कागदांचा ढीग तिने उलगडून पाहिला आणि पिशवी तळाच्या कागदात गुंडाळलेली सापडली. मग तिने ती गोष्ट पुन्हा सांगितली, जी आमच्या घरात भिंतींनाही पाठ झाली असेल. एका ऑपरेशनमध्ये कापसाचा एक बोळा मोजणीत कमी आला. सर्जन सुई हातात घेऊन तयार. मामी म्हणाली, "सर, बोळा आत राहिला असेल, शिवायचं नाही." सर्जन भडकला. तिला नाही नाही ते बोलला. मामी जागची हलली नाही. शेवटी बोळा सापडला तो सर्जनच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला. "मग म्हटलं, सर, आता शिवा."

पुढे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे तयार करायचं काम सुरू झालं, आणि इथे मामाच्या सुतारकीने हात टेकले. पत्र्यावरची निळी प्लॅस्टिकची फिल्म सोलायची, कापलेली प्रत्येक कड कानशीने घासायची, भोकांच्या काठांना राहिलेली बारीक कुसळं काढायची, मग धुवायचं, मग प्रायमर, म्हणजे आधीचा रंग, मारायचा. हे सगळं जोडायच्या आधी. लाकडाच्या कुसळाची मामाला सवय होती. पत्र्याचं कुसळ बोट कापतं आणि लक्षातही येत नाही. मामी पट्टी बांधायला कापूस घेऊन शेडमध्ये आली, आणि मामाने गुळगुळीत म्हणून बाजूला ठेवलेल्या बरगडीवरून तिने सहज तो कापूस फिरवला. बरगड्या म्हणजे शेपटीच्या आतल्या वाकवलेल्या पट्ट्या. कापसाचे तंतू कडेला अडकून राहिले.

"याला झालं म्हणता तुम्ही?"

"हाताला तर लागत नाही," मामा म्हणाला.

"तुमच्या हाताला काय लागतंय! रंधा मारून मारून कातडं झालंय त्याचं. कापसाला लागतंय."

"लागायला नको," मामा हळूच म्हणाला. "तिथूनच चीर सुरू होते."

"बघा. म्हणून म्हणते, मी बसणार नाही."

पण दुसऱ्या दिवसापासून कापूस घेऊन ती शेडमध्ये हजर. तंतू अडकला की बरगडी परत. मामा चिडायचा, कानस आपटायचा, पुन्हा घासायला घ्यायचा. कित्येक आठवडे त्या शेडमधून एवढंच ऐकू येई: घासल्याचा आवाज आणि "परत." हळूहळू पास झालेल्या बरगड्यांची रांग लागली. शेजारच्या रंगाऱ्याने आपली स्प्रे गन आणली आणि दोघांनी मिळून सगळ्यांना हिरवा प्रायमर मारला. शेपूट जोडायला तयार झालं. मामा त्या रांगेकडे बघत जेवायचा.

जोडणी सुरू करायच्या आधी धावपट्टीवरच्या जुन्या मेकॅनिकला बोलावलं होतं. मामी बाजारात गेली होती. मी पत्रा धरायला आले होते. रंगारी आपलं काम बघून कोण काय म्हणतंय हे ऐकायला आला होता. मेकॅनिकने बरगड्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला.

"कडा कुणी केल्या?"

"मी," मामा म्हणाला. "पास हिनं केल्या."

"छान केल्यात." मग त्याची नजर मामाच्या कानाकडे गेली. "ही पेन्सिल पत्र्याला नाही ना लावलीत?"

मामाचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मेकॅनिकने सांगितलं. पेन्सिलीच्या शिशाचं आणि या पत्र्याचं जमत नाही. थोडी दमट हवा लागली की रेघ मारली तिथेच पत्रा आतून कुरतडला जातो. लगेच नाही, वर्षं जातात. म्हणून खुणा नेहमी मार्करने करायच्या, आणि कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलेलंही होतं. मामाने सुरुवात मार्करनेच केली होती. पण मार्कर शोधावा लागतो, आणि पेन्सिल कानावरच असते. हात आपोआप जाई. कोणत्या बरगडीवर मार्कर, कोणत्या बरगडीवर पेन्सिल, हे आता देव जाणे, कारण सगळ्यांवर सारखाच हिरवा रंग बसलेला.

मला मेकॅनिकचाच राग आला. हे आधी येऊन सांगायला काय झालं होतं?

"अहो, रंगाखाली कोण बघायला जातंय?" रंगारी म्हणाला. "माझा अख्खा धंदा त्यावर चाललाय."

मेकॅनिकने खांदे उडवले. "काही होणारही नाही कदाचित. विमान तुमचं आहे." आणि तो गेला. रंगारीही गेला.

मामा स्टुलावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. एवढे आठवडे मामी कापूस घेऊन येत होती. परवा तर तिने दुसरी सीट खिडकीपासून किती लांब असते, असं विचारलंही होतं. आता हे तिला सांगितलं की सगळं मुसळ केरात. आणि नाही सांगितलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

फाटक वाजलं. मामी पिशव्या घेऊन शेडच्या दारात आली. "काय म्हणाला तो?"

मामा उठून उभा राहिला.

"अगं, बोळा आत राहिलाय."

मामीने पिशव्या खाली ठेवल्या. "कुठे?"

"तेच माहीत नाही." मग त्याने तिला सगळं सांगितलं. पेन्सिल, रेघा, दमट हवा, रंगारी काय म्हणाला तेसुद्धा. मला वाटलं, आता आतषबाजी.

"मग उघडा सगळं," ती म्हणाली. "बघत काय बसलात?"

मामाने कानावरची पेन्सिल काढली, घरात नेऊन ठेवली आणि रंग काढायला बसला. रंग काढायच्या त्या औषधाचा वास इतका घाण की आम्ही फाटकाबाहेरूनच चौकशी करायचो. मामीने हॉस्पिटलातले जुने मास्क शोधून काढले. एकेक बरगडी उघडी करायची, मग मामी तीवरून कापूस ओढायची. पांढरा निघाला तर ठीक. करडा निघाला तर तिथे पेन्सिल होती. करडे बोळे ती एका ट्रेमध्ये वेगळे ठेवायची, आणि त्या बरगड्या मामा बारीक घासणीने पुन्हा पुन्हा साफ करायचा, कापूस पांढरा निघेपर्यंत. शेपटीच्या मधल्या मोठ्या कण्यावर तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, सुंदर रेघ निघाली. सुतारकीतली अव्वल रेघ. मामाने ती घासताना स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहीत नाही. हात दर थोड्या वेळाने रिकाम्या कानाकडे जायचा, आणि गेला की तो आणखी जोर लावून घासायचा. रंगारी कुंपणावरून एकदा म्हणाला, "वेड लागलंय तुम्हाला." मामा म्हणाला, "लागलंय. गन पुन्हा लागेल, तयार ठेव."

गन पुन्हा लागली. मेकॅनिक पुन्हा आला, प्रत्येक भाग उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. आता बरगड्यांवर वरचा पत्रा चढवून शेपूट कायमचं बंद करायचं होतं.

त्या सकाळी मामाने पहिला रिव्हेट हातात घेतला आणि मामी शेडमध्ये आली. हातात कापूस नव्हता. न्हाणीघरातला वजनाचा काटा होता. तिने तो भिंतीवरच्या तक्त्याखाली, सपाट फरशी बघून ठेवला आणि त्यावर चढली.

"बघा. मला वाकून दिसत नाही."

मामा गुडघ्यांवर बसला. आकडा मी सांगणार नाही, मला त्या घरात परत जायचंय. मामाचा हात कानाकडे गेला, तिथे काही नव्हतं. मामीने पदराला अडकवलेला मार्कर काढून त्याच्यापुढे धरला. मामाने तो घेतला, पण लिहीना. डोळे पुसत तिच्या पायांकडे बघत राहिला.

"चपला काढ," शेवटी म्हणाला. "म्हणजे बरोबर येईल."

"कशाला?" मामी म्हणाली. "मी काय अनवाणी बसणार आहे?"