सातव्या होलची घंटा

वॉटी लम्सडेनने पुढे गोल्फची तीस मैदानं आखली, पण मी सांगणार ते पहिल्याच मैदानाचं, आमच्या गावच्या किनाऱ्यावरचं.

वॉटी पोटासाठी गोल्फ खेळायचा, म्हणजे क्लबातल्या साहेबांच्या लेखी तो नोकरच. मी त्याच्या काठ्या घडवायचो. साहेबांनी मैदान आखायला सांगितलं तेव्हा गडी अठरा होलच्या जागा दाखवायला अठरा खुंट्या काखोटीला मारून निघाला आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या ठोकून आला. सातवी ठोकली वाळूच्या टेकाडामागच्या खळग्यात. तिथे गावातल्या बायका पिढ्यानपिढ्या झुडपांवर कपडे वाळत घालायच्या. तो त्यांचा हक्कच होता, साहेबांनाही मोडता न येणारा.

त्याची बायको एफी भडकली. "अरे मेल्या, टेकाडाआडून मारणार? आम्ही काय चेंडूंना डोकी द्यायची?"

"घंटा टांगतो ना! कपडे गोळा करून बाजूला झालात की वाजवा. तोवर कुणी मारायचं नाही."

"आणि नाही वाजली तर?"

"तर थांबायचं. एवढी अक्कल आहे मला, बाई."

एफीची नजर घारीची. शंभर पावलांवरून झुडपात हरवलेला चेंडू दाखवायची. निम्मे सामने हिच्या डोळ्यांनी जिंकलो, असं वॉटी कौतुकाने सांगायचा.

मैदान सुरू झालं त्या दिवशी वारा भन्नाट होता. सातव्याला आम्ही थांबलो. घंटा काही वाजेना. साहेब लोक खिशातून घड्याळं काढायला लागले. एकाने टोमणा मारला, "काय लम्सडेन, तुझ्या मैदानावर धोबिणींचं राज्य आहे का?" सगळे खिदळले. वॉटीचे कान लालबुंद.

"गेल्या असतील रे एव्हाना," तो माझ्याजवळ पुटपुटला. "वाजवायचं राहिलं असेल."

मी 'थांब' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. उलट काठी मीच त्याच्या हातात दिली.

काय फटका होता तो! टेकाडावरून सरळ गेला. साहेबांनी टाळ्या पिटल्या आणि तेवढ्यात पलीकडून किंकाळी आली.

आम्ही धावत सुटलो. एफी घंटेच्या खांबापाशी गुडघ्यांवर बसलेली. बाकीच्या बायका गेल्या होत्या, हिची एक चादर वाऱ्याने काट्यांत अडकली होती. त्याच चादरीत तिने तोंड धरलेलं, आणि चादर लाल होत चाललेली. अरे देवा! वॉटी नुसता उभा, पुतळ्यासारखा.

"वाजवणारच होते रे," एवढंच ती बोलली.

उजवा डोळा गेला तो गेलाच.

सातवी खुंटी वॉटीने त्याच दिवशी उपटून समुद्रात फेकली. साहेबांची काय बोंबाबोंब झाली म्हणता! त्याने ऐकून घेतलं नाही.

पुढे नवीन मैदान आखायला निघाला की एफीला बरोबर न्यायचा. होलच्या जागी ती उभी राहायची, फटक्याच्या जागी हा. एका डोळ्याने तिला हा नीट दिसला की ती हात वर करायची. मगच खुंटी.

एकदा मीही सोबत होतो. तिच्या तोंडावर ऊन होतं, तिला काही दिसेना. अर्धा तास झाला. त्या जमिनीचा मालक चुळबुळ करत होता. मी वैतागून म्हटलं, "अरे, ठोक की बाबा! किती वेळ?"

वॉटीने माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. "तिने हात वर केलाय का?" त्याने विचारलं.

मी मान खाली घातली आणि थांबलो.