सफरचंदाचं उदाहरण

चामोर्शीच्या आठवडी बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की मला अजून रशीदभाईंची ब्रह्मपुरीतली टायपिंगची खोली आठवते, आणि तोंड कडू होतं.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. 'वस्तू आपली केव्हा होते?' असा लेख एका त्रैमासिकासाठी लिहिला होता. उदाहरण माझ्या गावचं होतं. जंगलातलं मोहाचं झाड कोणाचंच नसतं, पण त्याखाली गळलेली फुलं कोणत्या घरानं वेचायची, हे सारं गाव जाणतं. परीक्षकांना लेखक कळू नये असा नियम होता, म्हणून रशीदभाईंना मी माझ्या नावावर व्हाइटनर लावायला सांगितलं.

"नाव काऊन पुसून राह्यले सर? मेहनत तर तुमची हाये."

"माणूस नाही, विचार तपासतात ते," मी ऐटीत म्हणालो.

काही महिन्यांनी परीक्षकांचा अभिप्राय आला. लेखक आडभागातला दिसतो, विचार बरा आहे, उदाहरण मात्र सर्वांना कळेल असं द्यावं. त्या 'सर्वांत' माझं गाव नव्हतं, हे मला तेव्हा खुपलंही नाही. मी मोहफूल काढून सफरचंद घातलं. लेख ठळक नावासकट छापून आला आणि मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

आज त्या पेढ्यांची चव आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नवी प्रत टाइप करताना रशीदभाईंची बोटं मध्येच थांबली होती.

"सर, सफरचंदाचं झाड पाह्यलं हाये काय तुम्ही?"

"नाही."

"मी भी नाई पाह्यलं," ते म्हणाले, आणि पुन्हा टाइप करू लागले.