नेरिडाने पाडलेली भोकं

नेरिडा कॉइल आमच्या प्रयोगशाळेत खोटी यंत्रं बनवायची. त्याआधी बरीच वर्षं तिने सिडनीतच शिलाई मशिनं दुरुस्त केली होती. झोपेत ज्यांचा श्वास मधेच अडतो, त्यांच्या नाकावर मुखवटा बसवून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, असा आमचा उपचार. त्याचा खरा गुण किती आणि मनाचा किती, हे तपासायला काही जणांना हुबेहूब तसंच पण पोकळ यंत्र द्यावं लागे. नेरिडा नळीच्या तोंडाशी आत एक कडी बसवून तिला सहा बारीक भोकं पाडायची. हवा तिथूनच निसटायची, दाब उरायचाच नाही. कुणाच्या वाट्याला कोणतं यंत्र आलं, हे ना तिला कळायचं ना मला.

सिडनीच्या बॅलमेन भागात तिच्या शेजारी वॉल प्रिंगल राहायचा. बायको वारलेली, तीस वर्षं फेरीबोटीवर खलाशी म्हणून काढलेली. हातात चहाचा कप धरूनच तो झोपी जायचा. तो आमच्या चाचणीत आला. यंत्र खोटंही असू शकतं, हे कागदावर वाचून त्याने सही केली होती.

दोनच आठवड्यांत तो कुंपणावरून हाका मारू लागला. "नेरिडा, अगं मला पुन्हा स्वप्नं पडायला लागली! बोट पाण्यावर नाही, घरांच्या छपरांवरून चाललेली. लोक झोपायच्या कपड्यांत धुराड्यांवर उभे, आणि मी एकेकाला हात देऊन आत घेतोय."

"मला घेतलंस का?"

"तू म्हणालीस, पुढच्या बोटीने येते."

एका रविवारी त्याने धुऊन वाळत घातलेली नळी वाऱ्याने उडून नेरिडाच्या पुदिन्यात पडली. तिने उचलली, झटकली, आणि सहज आत पाहिलं. सहा भोकं. तिच्याच हातची.

"दे गं इकडे. जीव आहे माझा तो!" वॉल म्हणाला.

तिने नळी दिली आणि घरात निघून गेली.

सोमवारी तिने आमच्या डॉक्टर फरुजियांना सगळं सांगितलं.

"तो गाडी चालवतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. बसनेच फिरतो."

"मग झोप लागून अपघाताची भीती नाही. तीनच आठवडे राहिलेत. तोंड मिटून ठेव."

ते तीन आठवडे नेरिडा धड झोपली नाही. वॉल उठायच्या आत ती कपडे वाळत घालायची. एकदा त्याने गाठलंच. "रुसलीस का माझ्यावर?" ती कामाचं काहीतरी पुटपुटली.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी वॉलला आलेख दाखवला. श्वास पूर्वीइतकाच अडत होता. नेरिडा मुद्दाम येऊन बसली होती. मीही होतो.

वॉलने विचारलं, "मग ती बोट कोण चालवत होतं?"

"तूच," नेरिडा म्हणाली. "आणि भोकं मी पाडली, वॉल."

"सगळी?"

"सगळी."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "कामात कसर नाही ठेवलीस, बाई." खरं यंत्र घेऊन तो गेला आणि आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

मग एका सकाळी तिच्या दारात उभा. "त्या खोट्या यंत्रावर होतो तेव्हा रोज उठलो की मनाला चाचपून बघायचो, बरं वाटतंय ना? वाटायचंही. आज चाचपायचं विसरलोच. नाश्ता झाल्यावर आठवलं." मग म्हणाला, "बंदरापलीकडच्या मॅनलीची बोट धरायची आहे. कित्येक वर्षांत तो किनारा जागेपणी पाहिला नाही. येतेस?"

नेरिडाने पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वॉलने मला नंतर सांगितलं, बोट धक्क्यापासून सुटते न सुटते तोच ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मॅनली आलं, लोक उतरले, नवे चढले. त्याने तिला उठवलं नाही. पाणी चांदीच्या पत्र्यासारखं हलत होतं, आणि तो ते बघत तसाच बसून तीनदा गेला, तीनदा आला.