आंघोळीच्या पाण्यावरची बाग

"दिगू, आज पाणी नाय आलं तुझं! अंगावर घेतलं, का बादलीला नुसतं दर्शन दिलं?"

सकाळी नऊला शेवंताआत्या बिल्डिंगखाली उभी राहून हे विचारायची आणि चारही मजले ऐकायचे. मी पन्नाशीचा, बँकेत साहेब म्हणवून घेणारा माणूस. पण माझ्या आंघोळीची खबर अख्ख्या पडेगावला असायची.

आत्याची बिल्डिंगला लागून अर्धा एकर द्राक्षबाग होती. शेजारची जमीन तिच्या दिराने बिल्डरला विकली, त्यावर बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यात फ्लॅट घेऊन मी शहरात राहायला आलो असं समजत होतो. खिडकी उघडली की समोर आत्या!

द्राक्षंही तिच्यासारखीच. बारीक, काळी, जाड सालीची. नाशिककडच्या वाइनच्या कारखान्यात जायची. एक खाल्लं आणि मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "गोड पायजे तर पेढे खा की." वेलाला पाणी ती मोजकंच द्यायची. "वाइनच्या वेलाला उपाशी ठेवायचं. मारायचं नाय."

पण दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी विहीर आटली आणि वेल खरंच मरायला लागले. बिल्डर दर रविवारी कुंपणाशी येऊन, आजारी माणसाकडे वारसदार बघतो तसा बागेकडे बघायचा. वेल गेले की जमीन त्याचीच, हे त्याला माहीत होतं आणि आत्यालाही.

तेव्हा आत्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये घुसली. "टँकरचं पाणी तुमचं. पण तुमची आंघोळ झाली, की ते माझं." हसणारे हसले, पण नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिने बाथरूमचे पाइप तोडून वाळू आणि कर्दळीच्या कुंड्यांमध्ये सोडले, तिथून गाळलेलं पाणी वेलांच्या ओळींना. साबण साधा वापरायचा आणि बाथरूममध्ये ॲसिड टाकायचं नाही, असं बायकामाणसांना बजावलं. आमच्या बाजूचं पाणी सातव्या ओळीला जायचं आणि तिथले बाकी फ्लॅट तेव्हा रिकामे, त्यामुळे ती ओळ एकट्या माझ्या घराच्या स्वच्छतेवर जगत होती. तिची प्रकृती नाजूक राहिली, यात नवल नव्हतं.

एकदा साडूभाऊ येणार म्हणून मी मर्दुमकी दाखवली. बाथरूमच्या फरशीवर ॲसिडची अख्खी बाटली ओतली. तिसऱ्या दिवशी कर्दळ आडवी झाली. वेलांची पानं कडेने जळाली. आत्या जिना चढून आली, थेट बाथरूममध्ये जाऊन वास घेतला.

"पाव्हणे कधी येऊन गेले?"

"परवा."

"फरशी लई चकचकीत दिसली आसंल त्यांना."

एवढंच. मग माझ्या हातात बादली दिली. आठ दिवस आमच्या वाट्याचं टँकरचं पाणी मी त्या ओळीला घातलं, माती धुऊन काढायला. आठ दिवस आंघोळ केली नाही आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यावरून घरात कुणी बोललं नाही. सात वेल मेले, बाकीचे जगले. पाऊस आला आणि बिल्डरचे रविवार थांबले.

पुढच्या हंगामानंतर कारखान्याने वाइनची एक बाटली पाठवली. आत्याने खोकल्याच्या औषधाच्या चमच्याने एक चमचा घेतला, डोळे मिटले. "सातवी ओळ लागती यात. जराशी आळशी हाय."

मागच्या वर्षी आत्या गेली. मूलबाळ नव्हतं, बाग माझ्या नावावर करून ठेवलेली निघाली. आश्चर्याने बसलोच मी. बायकोला आधीच माहीत होतं; 'त्यालाच का?' असं तिने आत्याला विचारलं होतं. "त्याच्याच हातनं एकदा जळली ना? आता तोच जपंल," असं आत्या म्हणाली होती.

ती गेली त्या दिवशी स्मशानातून आम्ही परतलो आणि दुसरं काही करायच्या आधी सगळी बिल्डिंग आंघोळीला गेली. बाराही घरं एकाच वेळी. पांढऱ्या कपड्यात बिल्डरही आला होता. त्याचं घर लांब, म्हणून तो आमच्याकडे. साबण मीच दिला. साधा.

खाली कर्दळीच्या कुंड्या काठोकाठ भरल्या. केस पुसत तो बाल्कनीत आला, बागेकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "मग दिगंबरराव, जमिनीचं काय करायचं?"

मी खाली बोट दाखवलं. सातव्या ओळीत पाणी पोचलं होतं.

"करायचं काय? आत्ताच तर पाणी दिलंत तुम्ही."