झाकलेला रकाना

"घाबरू नको. कापणारा मी आहे. ही कोट्यातली नुसती धरून उभी राहणार आहे."

मोठे सर टेबलावरच्या बाईला म्हणाले. बाई पेठ तालुक्यातली होती. कमरेखाली भूल दिलेली, पण पूर्ण शुद्धीत. सिझर सुरू व्हायचं होतं आणि पोटाची कड ओढून धरायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात इंटर्न होते. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. तरी हसलेलं कळतं, डोळे बारीक होतात. भुलीचे डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. माझ्याच बॅचचा मुलगा हसला. बाई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती जास्तच घाबरली. मला ते सरांच्या बोलण्याहून जास्त लागलं.

नंतर हात धुताना सर म्हणाले, "गायनॅक करायचंय म्हणे तुला? हिंमत असेल तर ओपनमधून येऊन दाखव."

मी हात पुसून बाहेर आले. तिथंच बोलले असते तर बरं झालं असतं.

मी सुरगाण्याच्या डोंगरातली. कोकणा आदिवासी. घरी भात, नागली. ती कामं आटोपली की आईबाबा दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचे आणि मी आश्रमशाळेत. मेडिकलला लागले तेव्हा जातपडताळणीचा दाखला हवा होता. ऑफिसात म्हणाले, आजोबांचा शाळेचा पुरावा आणा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग बाबाने दोन इयत्ता शिकलेले एक चुलत आजोबा शोधले. ते कोणत्या शाळेत होते ते शोधलं. तिथलं जुनं रजिस्टर उंदरांनी कुरतडलेलं. गुरुजी भेटेपर्यंत बाबा शाळेच्या पायरीवर बसून राहायचा, नाही भेटले तर डोंगर चढून परत यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. असा किती वेळा गेला, त्याने कधी सांगितलं नाही. दाखला मिळाला तेव्हा त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला. "पोसी, जपायचा हां," म्हणाला. आमच्यात मुलीला पोसी म्हणतात.

आणि मी काय केलं? कॉलेजात कुठलाही फॉर्म भरताना प्रवर्गाच्या रकान्यावर डावा तळहात ठेवायचे. शेजारच्या मुलीने वाचू नये म्हणून. इतकी वर्षं तो हात तिथंच होता.

पी.जी.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरताना मात्र मी हात ठेवला नाही. झाकण्यासारखं काही लिहिलंच नाही. रकान्यात लिहिलं, ओपन. सरांना दाखवायचं होतं ना! लिहिताना छाती भरून आली होती. मूर्ख कुठली.

निकाल लागला. मार्क चांगले होते, पण ओपनच्या यादीला पुरले नाहीत. प्रवेश कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी माझे कागद उलटसुलट पाहिले आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही एस.टी. का नाही लिहिलं? गायनॅकची त्यातली सीट तुमच्याहून कमी मार्कांवर गेली. आणि ओपनला पुरतील एवढे पडले असते, तर एस.टी. लिहूनही ओपनमध्येच धरलं असतं की."

त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. मी बाहेर येऊन रडले. एका माणसाला दाखवायला गेले आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

घरी सांगितलं, नंबर लागला नाही. एवढंच. मग सरकारी बाँडची सक्तीची नोकरी, आमच्याच तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. मैत्रिणी फोनवर विचारायच्या, पुन्हा बसणार का? मी म्हणायचे, नाही. अभ्यास तुटला, वय चाललं, कितीतरी कारणं सांगायचे. खरं कारण एकच होतं. एस.टी. लिहून गेले असते तर सर जिंकले असते, आणि ओपन लिहून मी हरले होते. मला दोन्ही नको होतं. त्यात दोन वर्षं गेली.

मग एक दिवस जवळच्या पाड्यावरून जमनाला केंद्रात आणलं. दुसरं बाळंतपण, दोन दिवस घरीच कळा दिलेल्या. तपासलं तर बाळ आडवं. सिझरशिवाय सुटका नव्हती. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थिएटर होतं. टेबल होतं, दिवा होता. भूल देणारे डॉक्टर बोलावलं की यायचे. कापणारं कोणी नव्हतं, म्हणून दाराला कुलूप. सलाइन लावून तिला जीपमध्ये घातलं आणि नाशिकला निघालो. मी, जमना, तिचा नवरा आणि सासू.

घाटात रक्त सुरू झालं. नाडी लागेना. सासूने माझा हात धरला.

"बाई, तूच काप ना. तू तं आपलीच हाय."

"मला येत नाही, आजी."

"मंग इतकी वरसं काय शिकली गं तू?"

म्हातारी रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

वणी सोडल्यावर द्राक्षबागा लागतात, तिथं जमना गेली. पोटात बाळ. नवरा पुढच्या सीटवरून मागं वळून विचारत होता, अजून किती लांब? मी सांगितलं, जीप थांबवा.

मला सीट मिळाली असती तरी त्या दिवशी मी कुठंतरी शिकतच असते, जमना वाचली नसती. हे मला कळतं. पण त्याने काहीच हलकं होत नाही. त्या कुलपाकडे मी दोन वर्षं रोज ये-जा करताना पाहत होते, आणि मला सर आठवत होते. जमनासारख्या बाया नाही आठवल्या.

पुढच्या रविवारी घरी गेले आणि बाबाला खरं सांगितलं. रकान्यात काय लिहिलं होतं ते.

"दाखला मी चोरून आणलेला का, पोसी?"

तो उठला, पेटी उघडली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि शेतावर निघून गेला. त्या दिवशी रडले, तेवढं मी कधीच रडले नव्हते.

काल नाशिकला पी.जी.चा अर्ज द्यायला गेले. रांगेत उभी राहूनच रकाना भरला. मागचा मुलगा खांद्यावरून वाचत होता. वाचून त्याने शेजारच्याला कोपर मारलं. दोघांचे डोळे बारीक झाले. माझा डावा हात सवयीने कागदाकडे गेला. मी तो मागं घेतला आणि कागद त्या मुलापुढे धरला.

"नीट वाच. अनुसूचित जमाती. माझ्या बापाने डोंगर तुडवून आणलंय हे."

तो खाली बघू लागला. मी अर्ज खिडकीत दिला.

नंबर लागेल की नाही, माहीत नाही. नाही लागला तर पुन्हा बसेन, याच रकान्यातून. कोणाला काही दाखवायला नाही. मला कापायला शिकायचंय. जीप थांबवा, असं मला पुन्हा म्हणायचं नाही.